ई-मेल रुग्णालयाचाच आहे ना?

पाकिटामागे कोणीही कोणाचेही नाव लिहू शकतो. ई-मेलवरील प्रेषकाच्या पत्त्याचेही तसेच आहे. म्हणून न्यासाच्या डोमेनसाठी आम्ही तीन नोंदी केल्या आहेत. एसपीएफ नोंदीत आमच्या वतीने पत्रे पाठविण्यास अधिकृत सर्व्हरांची यादी असते. डीकेआयएममुळे पत्रावरील डिजिटल स्वाक्षरी पडताळता येते. यांपैकी एकही कसोटी आमच्या डोमेनशी न जुळल्यास पत्र नाकारावे, अशी सूचना डीमार्क देते. जीमेलने फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या प्रमाणावर पत्रे पाठविणाऱ्यांना या तिन्ही नोंदी सक्तीच्या केल्या आहेत.

तथापि एखाद्या अक्षराच्या फरकाने घेतलेले फसवे डोमेन या नोंदींनी रोखता येत नाही. म्हणून देणगी वा अनामत रकमेसाठी नवा खाते क्रमांक ई-मेलने आल्यास, जुन्या पावतीवर छापलेल्या दूरध्वनीवर खात्री करूनच रक्कम भरावी, ही नम्र विनंती.