जुना बोर्ड, ताजा प्रोसेसर

२०१७ साली रायझन ५ १६०० घालून बांधलेला गेमिंग पीसी आता धापा टाकत असेल, तरी तो भंगारात काढू नका. एएमडीचं एएम४ सॉकेट कमालीचं दीर्घायुषी ठरलं. एप्रिल २०२२ मध्ये आलेला रायझन ७ ५८००एक्स३डी त्याच सॉकेटात बसतो. त्यात तब्बल ९६ एमबी एल३ कॅश आहे. गेमला वारंवार लागणारा डेटा हाताशी राहतो, रॅमपर्यंतचे हेलपाटे वाचतात. डीडीआर४ रॅमही तीच चालते. मात्र जुना प्रोसेसर काढण्यापूर्वी बायॉस अपडेट कराच, नाहीतर स्क्रीनवर काहीच उमटणार नाही. कूलर वेगळा घ्यावा लागतो. आणि ग्राफिक्स कार्डच शंभर टक्के राबत असेल, तर पैसे आधी तिथे घाला. प्रोसेसर बदलून फ्रेम फारशा वाढणार नाहीत.