दिवसभराचे काम म्हणजे किती?

घराची भिंत घालायची असो की शेताचा बांध, मजूर लावताना पहिला प्रश्न ठरलेला असतो : रोजाने की उक्ते? रोजाने लावले तर मालकाला वाटते, गडी काम रेंगाळवतो आहे. उक्ते दिले तर वाटते, नुसते उरकून टाकतो आहे. मजुराच्या मनातही हिशेब चालू असतो. तो आपण सहसा विचारीत नाही, इतकेच. या कुरबुरीच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. एका माणसाने दिवसभरात किती काम करावे, हे कोणालाच नक्की ठाऊक नसते. ते मोजून ठरविता येते, असे छातीठोकपणे सांगणारा एक माणूस अमेरिकेत होऊन गेला. त्याचे नाव फ्रेडरिक विन्स्लो टेलर.

टेलरचा जन्म १८५६ सालचा, फिलाडेल्फियातल्या सुखवस्तू घरातला. डोळ्यांच्या दुखण्यापायी हार्वर्डचे शिक्षण राहिले, तेव्हा त्याने कारखान्यात उमेदवारी केली आणि १८७८ साली मिडवेल पोलाद कारखान्यात साधा कामगार म्हणून तो लागला. तिथेच मुकादम, फोरमन, मुख्य इंजिनियर अशा पायऱ्या तो चढला. त्यामुळे कारखाना त्याने दोन्ही बाजूंनी पाहिला होता. कामगार मुद्दाम हात आखडता घेतात आणि त्यामागे नुसता आळस नसतो, हे त्याला पुरते कळले होते. नगावर मजुरी असली आणि एखाद्याने चार नग जास्त काढले, की मालक दर उतरवीत असे. म्हणजे घाम दुप्पट आणि मजुरी तीच! मग कोण शहाणा भराभर हात चालवील?

टेलरचा उपाय असा : कामाचे बारीक तुकडे पाडावेत, प्रत्येक तुकड्याला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून पाहावे, त्यातून सर्वांत सोयीची रीत काढून ती कामगाराला शिकवावी, आणि ठरलेले काम पुरे करणाऱ्याला भरघोस जादा मजुरी द्यावी. पुढे दर मात्र उतरवायचा नाही. या पद्धतीला ‘शास्त्रीय व्यवस्थापन’ हे नाव मिळाले ते १९१० साली, रेल्वेच्या मालवाहतूक दरांच्या एका खटल्यात. लुई ब्रँडाइस या वकिलाने ते प्रचारात आणले. पुढच्याच वर्षी टेलरचे त्याच विषयावरचे पुस्तक निघाले.

यात खरोखरीचे शास्त्र किती होते, ते फावड्याच्या उदाहरणावरून पाहावे. बेथलेहेम पोलाद कारखान्यात माणसे आपापली फावडी घरून आणीत. एकाच फावड्याने कोणी खनिज उपसी, कोणी कोळसा. खनिजाचे फावडे भरले तर ३८ पौंड भरे, बारीक कोळशाचे भरले तर साडेतीन पौंड. टेलरने वेगवेगळी वजने देऊन पाहिली, तेव्हा असे दिसले की दर खेपेस सुमारे २१ पौंड, म्हणजे साडेनऊ किलो, उचलले तर दिवसाअखेर सर्वांत जास्त माल हलतो. मग कारखान्यानेच फावडी ठेवली : जड मालाला लहान, हलक्या मालाला मोठे. साधी गोष्ट, पण शतकानुशतके फावडे मारणाऱ्या जगाने ती कधी मोजली नव्हती. फ्रँक गिलब्रेथने गवंडीकामात असेच केले. विटा वाकून उचलण्याऐवजी हाताच्या उंचीवर ठेवल्या, तेव्हा वीट बसविण्याच्या १८ हालचाली ५ वर आल्या आणि ताशी १२० विटांच्या जागी ३५० बसू लागल्या. शस्त्रक्रियेच्या वेळी परिचारिकेने हत्यार सर्जनच्या हाती द्यावे, ही सूचनाही गिलब्रेथचीच. पाठ वाचविणाऱ्या अशा शास्त्राला कोण नावे ठेवील?

आता दुसरे उदाहरण घ्या. त्याच कारखान्यात कच्च्या लोखंडाच्या लगडी रेल्वेच्या वाघिणीत भरायच्या होत्या. एकेक लगड ९२ पौंडांची, म्हणजे सुमारे ४२ किलोची. माणूस दिवसाकाठी साडेबारा टन भरीत असे. टेलरने हिशेब करून सांगितले, ४७ टन भरता येतात. आणि ‘श्मिट’ नावाच्या एका हमालाकडून, बस म्हटले की बसायचे आणि उचल म्हटले की उचलायचे, अशा शिस्तीने ते करूनही घेतले. काम जवळजवळ चौपट झाले. मजुरी १ डॉलर १५ सेंटांवरून १ डॉलर ८५ सेंटांवर गेली. याहून जास्त दिल्यास माणसे बिघडतात, असे टेलरचे मत होते. मालकांच्या नफ्याबाबत असा धोका त्याला दिसला नाही, ही आपली एक गंमत!

पण मुख्य प्रश्न असा की हा आकडा आला कुठून? रेग आणि पेरोनी या अभ्यासकांनी १९७४ साली जुनी कागदपत्रे तपासून टेलरची ही कथा बरीचशी रंगविलेली असल्याचे दाखविले. हिशेब झाला तो असा. १० धट्टेकट्टे हंगेरियन हमाल निवडले आणि त्यांना जीव तोडून काम करायला लावले. १४ मिनिटांत साडेसोळा टन भरले गेले. हाच वेग १० तास टिकला असे धरले तर माणशी ७१ टन होतात. त्याचे केले ७५. त्यातून विश्रांती आणि अडथळे यांचे म्हणून ४० टक्के वजा केले. राहिले ४५ टन. ४० टक्केच का? २५ का नाही, ६० का नाही? घड्याळ याचे उत्तर देत नाही. १४ मिनिटे घड्याळाने मोजली खरी, पण उरलेला दिवस अंदाजाने ठरला, आणि तो अंदाज हमालांना न विचारता केलेला होता.

फावड्याचा आकार हा मोजण्याचा विषय आहे. माणसाला दम खायला किती वेळ द्यायचा, हा काही अंशी मोजण्याचा आणि बराचसा वाटाघाटीचा विषय आहे. टेलरने दोन्ही एकाच पोत्यात घातले. शास्त्राने सिद्ध झालेल्या आकड्यावर घासाघीस कशाची करायची, असे तो म्हणे, आणि म्हणूनच कामगार संघटनांचे त्याला वावडे होते. परिणाम लवकरच दिसला. ऑगस्ट १९११ मध्ये वॉटरटाऊनच्या सरकारी शस्त्रागारात एका साचेकामगाराने घड्याळाखाली काम करण्यास नकार दिला; त्याला काढले, तेव्हा त्याचे सोबतीही काम टाकून बाहेर पडले. काँग्रेसची चौकशी समिती बसली. तिच्यापुढे जानेवारी १९१२ मध्ये टेलरची साक्ष झाली. पुढे १९१५ साली तो वारला, आणि त्याच वर्षी लष्करी कारखान्यांत असे घड्याळ लावण्यावर कायद्याने बंदी आली. ती १९४९ पर्यंत टिकली.

मुंबईलाही हा वाद परका नाही. १९२० नंतरच्या दशकात काही गिरण्यांनी ‘एफिशियन्सी’ची योजना आणली. ती हुबेहूब टेलरची नव्हे, पण त्याच गोत्राची. मागवाल्याने दोनाऐवजी तीन माग सांभाळावेत, असा तिचा आग्रह. जादा माग म्हणजे कमी माणसे, हे गिरणगावाला समजावून सांगावे लागले नाही. १९२८ चा जवळजवळ सहा महिन्यांचा सार्वत्रिक संप ज्या कारणांनी पेटला, त्यांत हे एक होते.

आज मुकादमाच्या हातातले घड्याळ गेले आहे. ते यंत्रात शिरले आहे. मोठ्या गोदामात माल उचलणाऱ्याच्या हातातले उपकरण दर वस्तूगणिक सेकंद मोजते, कॉल सेंटरमध्ये फोनवरचे बोलणे सरासरी किती मिनिटे चालले ते पडद्यावर दिसते. १४ मिनिटे पाहून १० तासांचा अंदाज बांधण्याची गरज उरलेली नाही. १० ही तास मोजले जातात. टेलरला हे पाहून आनंदच झाला असता. मात्र त्या मोजमापातून वजा किती करायचे, हा प्रश्न होता तिथेच आहे, आणि आता तर तो आकडा पुष्कळदा कामगाराला माहीतही नसतो. कॅलिफोर्निया राज्याने २०२१ साली यासाठी एक कायदा केला. तो १ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. मोठ्या गोदामांच्या मालकांनी कामाचा ठरविलेला कोटा कामगाराला लेखी कळविला पाहिजे, आणि जेवणाची सुट्टी, विश्रांती व स्वच्छतागृहाला जाणे यांच्या आड येणारा कोटा लादता येणार नाही, असे त्यात लिहिले आहे.