वाळू बांधायची, वाट मोकळी ठेवायची

जमिनीखाली तेलाची तळी असतात, अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात तेल आणि वायू खडकाच्या बारीक छिद्रांत साठलेले असतात. १९७४ साली तेल लागलेल्या ‘मुंबई हाय’चा मुख्य साठा चुनखडीत आहे. अमेरिकेचा आखाती किनारा किंवा नायजर नदीचा त्रिभुज प्रदेश येथे मात्र तो भूशास्त्रीय दृष्ट्या तरुण अशा वालुकाश्मात आढळतो. या खडकाचे कण एकमेकांना पक्के जोडलेले नसतात. त्यामुळे तेलाबरोबर वाळूही विहिरीत येते. ती नळ्या आणि झडपा झिजवते, कधी विहीरच बुजवते. झिजलेल्या नळीतून वायू सुटला, तर कामगारांच्या जिवावर बेतते.

नेहमीचा उपाय म्हणजे विहिरीत जाळी बसवून तिच्याभोवती जाड, निवडक वाळू भरणे. ही झाली गाळणी. दुसरा उपाय रासायनिक आहे: विहिरीभोवतीची वाळू जागच्या जागी राळेने चिकटवायची.

पण सगळी छिद्रे राळेने भरली, तर वाळूबरोबर तेलही अडेल! येथे राजगिऱ्याचा लाडू आठवावा. त्यात पाक दाण्यांना सांध्यांपाशी धरून ठेवतो. मधल्या फटी मोकळ्याच राहतात. पाक जास्त झाला, तर लाडवाचा दगड होतो.

हेच विहिरीत साधायचे असते. प्रथम द्रावक सोडून कणांवरचे तेल-पाणी धुतात, कारण ओशट कणाला राळ धरत नाही. मग इपॉक्सी किंवा फ्युरान राळ आत दाबतात. फ्युरान राळेसाठी लागणारे फर्फ्युराल उसाच्या चिपाडापासूनही बनवता येते. मागोमाग दुसरा द्रव सोडून छिद्रांतली जादा राळ पुढे ढकलतात. केशाकर्षणामुळे थोडी राळ कणांच्या सांध्यांत टिकते आणि उष्णतेने किंवा उत्प्रेरकामुळे कडक होते.

तरीही छिद्रे थोडी अरुंद होतातच. थर जाड असला, तर राळ सर्वत्र सारखी पोचत नाही. चिकणमाती जास्त असली, तर बंध कच्चा राहतो. म्हणून हा उपाय बहुधा कमी जाडीच्या थरांसाठी निवडतात.

वर्गात यातला एक भाग सहज दाखवता येईल. कोरड्या, दमट आणि पाण्याने तुडुंब भरलेल्या वाळूच्या मुदी पाडायला सांगा. फक्त दमट वाळूची मूद नीट उभी राहील. सांध्यांतले थोडेसे पाणी जे करते, ते छिद्रे भरून टाकणारे पुष्कळ पाणी का करू शकत नाही, हे विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावे.