पॅलेटचं लाकूड आणि न दिसण्याचा पुरावा

मागच्या वेळी आपण प्रमाणांविषयी बोललो, म्हणजे एखादी गोष्ट आपल्याला कळली असं कशाच्या आधारावर म्हणायचं याविषयी. शेवटी एकांनी विचारलं, "सर, याचा रोजच्या जगण्यात उपयोग काय?" आज उत्तरादाखल एक साधी वस्तू घेऊ. लाकडी पॅलेट.

गोदामात ज्यावर माल रचतात आणि फोर्कलिफ्टने उचलतात, तो फळ्यांचा सांगाडा. साधारण १२०० बाय १००० मिलिमीटरचा. काम संपलं की भंगारात जातो. हल्ली घरची बाग करणारे पुष्कळजण तो स्वस्तात आणतात, वाफे करतात. छान आहे. पण त्यात मेथी लावायची आणि नातवंडांच्या ताटात वाढायची, तर हे लाकूड निर्धोक आहे हे आपल्याला कसं कळतं?

पहिला पुरावा शिक्क्याचा. परदेशी प्रवास केलेल्या पॅलेटवर गव्हाच्या ओंबीचं चिन्ह, देशाची दोन अक्षरं आणि प्रक्रियेची अक्षरं डागलेली असतात. हे कशासाठी? लाकडातून किडे देश ओलांडतात म्हणून. १९९६ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये आशियातला एक लांब मिशांचा भुंगेरा सापडला. पॅकिंगच्या लाकडातून तो आला असं मानतात. त्याच्यापायी अमेरिकेत हजारो झाडं तोडावी लागली. पुढे २००२ साली आंतरराष्ट्रीय नियम झाला. 'एचटी' म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटं तापवलंय. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइड वायूची धुरी दिली आहे. हा वायू माणसाला विषारी, शिवाय ओझोनच्या थराला घातक. माँट्रियल करारानुसार विकसनशील देशांनी त्याचा इतर वापर २०१५ पर्यंत थांबवायचा होता, निर्यातीच्या धुरीला मात्र सूट राहिली. वायू उडून जातो हे खरं, तरी भाजीच्या वाफ्याला 'एमबी' नकोच. एचटीवाले मिळत असताना हवंय कशाला?

आता इथे थांबा. शिक्का काय सांगतो? लाकडातली कीड मारली, एवढंच. त्या पॅलेटवरून पुढे काय वाहिलं, हे तो सांगत नाही. बिस्किटांची खोकी वाहिली असतील, नाहीतर कीटकनाशकाचे गळके डबेही असतील.

आपण म्हणतो, "डाग दिसत नाही, वास येत नाही, म्हणजे काही सांडलेलं नाही." इथे आपले मीमांसक कामाला येतात. कुमारिल भट्टांच्या परंपरेत अनुपलब्धी, म्हणजे न आढळणं, हे स्वतंत्र प्रमाण मानलंय. टेबलावर घागर दिसत नाही, म्हणून घागर नाही हे मला कळतं. पण अट आहे: ती वस्तू असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. मिट्ट काळोखात घागर दिसली नाही, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. लाकडात मुरून वाळलेलं रसायन हे काळोखातल्या घागरीसारखं आहे. डाग दिसला तर पॅलेट नाकारायला तेवढं पुरे. डाग दिसला नाही, तर तेवढ्यावरून स्वीकारायला पुरे नाही.

हेच शिक्क्यालाही लावून बघा. देशातल्या देशात फिरणाऱ्या पॅलेटला शिक्क्याची सक्ती नाही. म्हणून शिक्का नसणं हा दोष ठरत नाही. आपल्याला माहिती नाही, एवढाच त्याचा अर्थ.

मग करायचं काय? दृष्टीचं काम संपलं की शब्दाचं सुरू होतं. विचारा. पॅलेट कुठून आले, त्यांवर काय होतं, हे भंगारवाल्याला नाही, तर निदान ज्या दुकानातून निघाले तिथल्या माणसाला ठाऊक असतं. फरशीच्या किंवा काचेच्या दुकानातून थेट घेतलात तर उत्तर मिळण्याची शक्यता जास्त. आणि निळे रंगवलेले पॅलेट बहुधा भाड्याने फिरणारे असतात, त्यांची मालकी कंपनीची. पडलेले दिसले तरी उचलू नका.

जे कळलं त्याप्रमाणे वाटणी करा. इतिहास माहीत असलेला, एचटी शिक्क्याचा पॅलेट भाजीला. माहीत नसलेला कुंड्यांच्या मांडणीला, कुंपणाला, वेल चढवायला. चार पॅलेट उभे बांधले की कंपोस्टचा छान हौद होतो, फटींतून हवा खेळते. पण ते खत शेवटी भाजीलाच जाणार, तेव्हा तिथेही माहितीतलेच पॅलेट घ्या.

फळ्या सोडवताना हातमोजे घाला, खिळे वाकवून ठेवू नका, काढून टाका. कुसळं पॉलिश पेपरने घासून घ्या. वाफा विटांवर ठेवा, म्हणजे पावसाळ्यात बूड कुजत नाही आणि वाळवी चढताना दिसते. आपल्याकडे वाळवीला उपाय म्हणून जळकं ऑइल फासतात. भाजीच्या वाफ्याला ते कदापि नको, त्यात जड धातू असतात. चार-दोन पावसाळ्यांत लाकूड जाईल, तर जाऊ दे. फळ्या बदलता येतात.

तर, "मला काही दिसलं नाही" आणि "तिथे काही नाही" या दोन वाक्यांतलं अंतर ओळखणं, हा प्रमाणशास्त्राचा उपयोग. त्या अंतराची किंमत आपल्या ताटात मोजली जाते. आता तुमचे प्रश्न घेऊ.