संगणक सुरू होताच आजीचा फोटो

पैपै जमवून घरात आणलेली वस्तू आपली वाटावी, ही इच्छा काही गैर नाही.

1999 साली आम्ही हप्त्यावर एक जुना संगणक घेतला. त्यात विंडोज 98 होते. बटण दाबले की ढगांवर कंपनीचे चिन्ह दिसायचे. धाकटा म्हणाला, "पप्पा, तिथे आजीचा फोटो येईल का?" आमच्या आईने लोकांची धुणीभांडी करून आम्हाला बी.कॉम.पर्यंत शिकविले. ती गेली तेव्हा तिचा एकच फोटो घरात होता.

तो आम्ही स्कॅन करून घेतला. युक्ती सोपी होती. चित्र 256 रंगांचे, 320 ठिपके रुंद व 400 ठिपके उंच अशी बिटमॅप फाईल करायचे, तिला 'लोगो डॉट एसवायएस' नाव द्यायचे आणि सी ड्राइव्हवर कोणत्याही फोल्डरबाहेर ठेवायचे. विंडोज तेच चित्र दाखवी. नको असल्यास फाईल काढावी. जुने चिन्ह परत येई.

पहिल्या वेळी आईचा चेहरा फुगलेला दिसला. कारण 320 बाय 400 चे चित्र पडद्यावर आडवे ताणले जाते. मग फोटो आधी 640 बाय 480 केला, त्यानंतर 320 बाय 400 मध्ये दाबला. या खेपेस आई आईसारखी दिसली. पोरांनी त्या दिवशी संगणक चार वेळा बंद-चालू केला!

आता ती सोय राहिली नाही. विंडोज 98 चा आधार 2006 साली संपला. नव्या संगणकात सुरुवातीचे चिन्ह बहुधा मदरबोर्डवरील चिपमध्ये असते. तिथे लिहिताना वीज गेली, तर संगणक कायमचा बंद पडू शकतो. शिवाय डिसेंबर 2023 मध्ये बायनार्ली या कंपनीच्या संशोधकांनी 'लोगोफेल' नावाचे दोष उघड केले. मुद्दाम बिघडविलेल्या चित्रातून घातक प्रोग्राम विंडोज सुरू होण्याआधीच शिरू शकतो, असे त्यांनी दाखवून दिले.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. कंपनीने स्वतः चित्र बदलण्याची सोय दिली असेल, तर तीच वापरा. कुणाकडून आणलेले फुकटचे प्रोग्राम चालवू नका. नाहीतर फोटो डेस्कटॉपवर लावा. तिथे तो स्वच्छ, पूर्ण रंगांत दिसतो आणि धोका काही नाही. ज्या यंत्रावर मुलांचा अभ्यास चालतो, ते एका चित्रापायी गमावणे आजीलाही आवडले नसते.