कोरडा पाट

नरकचतुर्दशीची पहाट. साल १९८९. परांडा तालुक्यातल्या आमच्या सोनारीत भैरवनाथाच्या देवळातली घंटा वाजत होती आणि घरात अभ्यंगस्नानांची घाई चालली होती. काकूंनी लुगडे पिळून परसातल्या लोखंडी तारेच्या वलणीवर टाकले, आणि त्यांचे हात तारेलाच चिकटले. तोंडातून शब्द फुटेना. काका धावले.

"हात लावू नका तिला!" शेजारचे अण्णा कुंपणावरून ओरडले. अण्णा पूर्वी वायरमन होते. "पोरा, मेन पाड!"

मी खटका पाडला. काकू तशाच! अण्णांनी वर पाहिले. खांबावरून घरात येणारी तार पत्र्याच्या कडेवर घासून सोलवटली होती. माकडांच्या उड्यांनी ती रोज हलायची. दोष मेनच्याही आधीचा. मेन पाडून काय होणार? पत्र्यात वीज उतरली होती, आणि पत्र्याच्या चौकटीला बांधलेल्या वलणीतही.

"पाट आणा!"

आजीने न्हाणीतला पाट उचलला.

"तो नको, ओला आहे! जेवायचा आणा, कोरडा!"

त्या पाटावर उभे राहून अण्णांनी कोरड्या वेळूच्या काठीने एका फटक्यात काकूंचे हात सोडवले. काकू कोसळल्या, पण श्वास चालू होता. तळहातावर काळसर रेघ तेवढी राहिली.

मी मराठी शिकवतो. विज्ञान हा माझा प्रांत नव्हे. पण एकाच घरातला एक पाट तारतो आणि दुसरा मारू शकतो, हे कोडे मला स्वस्थ बसू देईना.

या कोड्याची पहिली उकल इंग्लंडात १७२९ साली झाली. स्टीफन ग्रे नावाचा गृहस्थ काच घासून निर्माण केलेली वीज तागाच्या लांब दोरीतून नेत होता. दोरी रेशमी धाग्यांवर टांगली होती. धागा तुटला म्हणून त्याने पितळेची बारीक तार लावली, तर वीज दोरीच्या टोकाला पोहोचेचना. तारेतून निसटून गेली! धागा आणि तार, दोन्ही बारीकच. मग फरक जाडीचा नव्हता, पदार्थाचा होता. वाहक आणि रोधक ही विभागणी इथून सुरू झाली.

धातूतले काही इलेक्ट्रॉन मोकळे असतात. यात्रेतल्या गर्दीसारखे ते इकडून तिकडे सरकतात. काच, रबर, कोरडे लाकूड यांत ते जखडलेले असतात. आमच्या गावाच्या नावात सोने आहे खरे, पण विजेच्या दरबारात सोन्याचा मान तिसरा. पहिली चांदी, दुसरे तांबे. चौथे ॲल्युमिनियम, पण ते हलके आणि स्वस्त, म्हणून खांबावरच्या तारांत त्याचीच चलती.

आणि पाणी? अगदी शुद्ध पाणी विजेला फारशी वाट देत नाही. विहिरीच्या पाण्यात मात्र क्षार विरघळलेले असतात आणि तेच वीज वाहून नेतात. म्हणून ओला पाट नावापुरताच लाकडाचा.

माणसाच्या कातडीचेही तसेच. कोरडी असताना तिचा रोध लाखभर ओहमपर्यंत असू शकतो. भिजली की शरीराचा एकूण रोध हजारभरावर येतो. घरातला दाब २३० व्होल्ट. त्याला हजाराने भागले तर २३० मिलिॲम्पिअर येतात. दहा-वीस मिलिॲम्पिअरमध्येच स्नायू आखडून मूठ सुटेनाशी होते. शंभराच्या आसपास हृदय बंद पडू शकते. काका ओल्या अंगाने काकूंना धरते, तर त्या सकाळी आमच्या घरून दोघे गेले असते.

अण्णांचा उपाय घरगुती दाबापुरताच, हेही सांगायला हवे. अकरा हजार व्होल्टच्या तारेपुढे कोरडे लाकूड भरवशाचे नाही. तिथे दूर राहून वीजपुरवठा बंद करवणे, एवढेच आपल्या हाती.

वाचकहो, यंदा गॅलरीच्या लोखंडी कठड्याला दिव्यांची माळ बांधाल, तेव्हा आधी तिची वायर कुठे सोलली आहे का ते पाहा, आणि हात पुसून घ्या. आमच्या परसात त्याच पाडव्याला नवी वलणी आली. ती नायलॉनच्या दोरीची. आणि तो जेवायचा पाट? त्यावर पहिल्यांदा अण्णांना बसवून काकूंनी, हाताला पट्टी असतानाच, फराळ वाढला.