इंजिनावर उडणारी चिमुकली विमाने

रेडिओ-नियंत्रित छोट्या विमानाचे इंजिन मुठीत मावते. त्यात ठिणगी पाडणारी यंत्रणा बहुधा नसते. मिथेनॉल, थोडे नायट्रोमिथेन आणि वंगणासाठी एरंडेल हे त्याचे इंधन. होय, पोट साफ करण्यासाठी घेतात तेच एरंडेल! आरंभी बॅटरीने प्लॅटिनमयुक्त तार तापवावी लागते. पुढे बॅटरी काढली तरी दाबाच्या उष्णतेने आणि मिथेनॉलशी होणाऱ्या प्रक्रियेने ती तप्तच राहते.

खरी कसोटी हवेत लागते. विमान दूर जात असता नियंत्रकाची दांडी उजवीकडे नेली की ते उजवीकडे वळते. मात्र तेच आपल्याकडे तोंड करून येऊ लागले की आपल्या डोळ्यांना ते डावीकडे वळताना दिसते. महिनोन्‌महिने खपून घडविलेली विमाने नेमकी याच क्षणी मातीमोल होतात. अशा वेळी जो पंख झुकलेला दिसेल, त्याच बाजूला दांडी न्यावी; विमान सावरते.

ऑगस्ट २००३ मध्ये अमेरिकेच्या मेनार्ड हिल यांचे जेमतेम पाच किलोंचे विमान न्यूफाउंडलंडहून निघून सुमारे ३९ तासांनी आयर्लंडला पोहोचले. समुद्रावर स्वयंचालकाने दिशा राखली. हिल यांची दृष्टी तेव्हा जवळजवळ गेलेली होती. किनाऱ्यावर विमान उतरविताना दांडी त्यांच्या सहकाऱ्याच्या हाती होती.